कमोडोर ६४ घरच्या वाय-फायवर: यूजर पोर्टचा अडॅप्टर स्वतः बनवा

कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला १९८२ मध्ये आणि त्या काळी त्याच्यासाठी नेटवर्क म्हणजे फोनची लाइन आणि मोडेम, एवढंच. अमेरिकेत नोव्हेंबर १९८५ मध्ये खास कमोडोरवाल्यांसाठी क्वांटम लिंक सुरू झालं, तीच कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन झाली. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून, तोवर कुणा काका-मामांनी परदेशातून आणलेला कमोडोर घरात असला तरी तो जोडायचा कुठे हा प्रश्नच होता. आज तो जोडता येतो, आणि मशीनच्या आत एकही टाका न मारता येतो, म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय.

आपण बनवणारोय तो एक छोटा बोर्ड, जो कमोडोरच्या मागच्या यूजर पोर्टमध्ये बसतो, कमोडोरला वाटतं की मोडेम लावलाय, आणि पलीकडे तो बोर्ड तुमच्या घरच्या राउटरशी वाय-फायने बोलतो. मेंदू म्हणून ईएसपी८२६६ चिप असलेला डी१ मिनी बोर्ड वापरायचा, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, यूएसबीने प्रोग्राम होतो. ही चिप ८० मेगाहर्ट्झवर चालते आणि कमोडोरचा प्रोसेसर १ मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवायची पद्धत), पासवर्ड, एन्क्रिप्शन हे सगळं अवघड काम ईएसपीने करायचं आणि कमोडोरने फक्त एकेक अक्षर पाठवायचं आणि घ्यायचं.

पूर्ण कामात एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, नवा बोर्ड जळला तर दुसरा मिळेल, कमोडोरमधली चिप आता कुणी बनवत नाही. यूजर पोर्ट ज्या ६५२६ चिपला जोडलेला आहे तीच चिप फ्लॉपी ड्राइव्हची सिरीयल बसपण सांभाळते आणि व्हिडिओ चिपने कुठल्या मेमरी बँकेतून वाचायचं तेही तीच ठरवते, म्हणजे ती उडाली तर यूजर पोर्टसोबत ड्राइव्हही गेला. म्हणून खाली जिथे जिथे एखादा जास्तीचा रेझिस्टर किंवा जास्तीची टेस्ट सांगितलीये ती गाळू नका, प्लीज.

आधी पॉवर सप्लाय तपासा

हे अडॅप्टरचं काम नाहीये पण याच्याशिवाय पुढे जाऊ नका. कमोडोरचा मूळ अडॅप्टर दोन व्होल्टेज देतो, ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की तो कमी नाही तर जास्त व्होल्टेज द्यायला लागतो आणि ते थेट रॅमवर जातं. सप्लाय कमोडोरला न जोडता, प्लगवर मल्टिमीटरने मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या बाहेर आकडा दिसला तर तो सप्लाय बाजूला ठेवा. तापल्यावर बिघडणारे सप्लायपण असतात त्यामुळे अर्धा तास चालू ठेवून परत मोजा, आणि शक्य असेल तर नवीन बनावटीचा सप्लायच घ्या, मला तर मूळ ठोकळ्यावर विश्वास ठेवणं पटतच नाही. मशीन अमेरिकेतून आलेलं असेल तर अडॅप्टरवर ११० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, तो आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट लावायचा नाही.

सामान

डी१ मिनी बोर्ड एक. ७४एचसीटी१२५ आयसी एक आणि त्याचा १४ पिनचा सॉकेट. इथे एचसीटीच घ्या, नुसता एचसी नको, कारण ५ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या एचसीला ३.३ व्होल्टचा सिग्नल नीट "हाय" वाटेलच असं नाही, एचसीटीला २ व्होल्टच्या वर काहीही चालतं. १एन५८१९ शॉटकी डायोड एक. रेझिस्टर १० किलोओहमचा एक आणि १ किलोओहमचे दोन-तीन. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. थोडा व्हेरोबोर्ड, वायर, मोबाइलचा चांगला चार्जर आणि यूएसबी केबल. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत एका चकरेत होतं.

शोधायला वेळ लागतो तो एज कनेक्टर. यूजर पोर्टला २४ कॉन्टॅक्ट आहेत, १२ वर आणि १२ खाली, आणि दोन कॉन्टॅक्टमधलं अंतर ३.९६ मिलिमीटर. नेमका २४ चा मिळाला नाही तर त्याच अंतराचा ४४ कॉन्टॅक्टचा घ्या आणि हॅक्सॉने कापा, कापताना एक कॉन्टॅक्ट वाया जाऊ द्या म्हणजे कड मजबूत राहते. २.५४ मिलिमीटरवाला जबरदस्तीने बसवायचा विचारही करू नका.

कनेक्टर उलटा बसू नये याची सोय

हा भाग मी मुद्दाम लांबवतोय. कमोडोरच्या मागे उभं राहून पोर्टकडे बघितलं की वरची रांग डावीकडून १ ते १२ आणि खालची रांग ए, बी, सी, डी, ई, एफ, एच, जे, के, एल, एम, एन. जी आणि आय ही अक्षरं गाळलेली आहेत, मोजताना लक्षात ठेवा. चारही कोपरे, म्हणजे १, १२, ए आणि एन, ग्राउंड आहेत. २ नंबरवर ५ व्होल्ट. १० आणि ११ वर ९ व्होल्ट एसी.

आता समजा कनेक्टर उलटा बसला. तुमच्या १ च्या जागी एन येतो, २ च्या जागी एम, आणि तुमच्या बी आणि सी या वायरी जाऊन भिडतात मशीनच्या ११ आणि १० ला. आपल्या सर्किटमध्ये बी आणि सी एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे उलटा कनेक्टर लावून मशीन चालू केलं की ९ व्होल्ट एसी सरळ शॉर्ट, आतला फ्यूज तर जाईलच पण त्याआधी तुमच्या बोर्डावर काय काय जाईल सांगता येत नाही. कोपरे सगळे ग्राउंड असल्यामुळे कंटिन्युटी टेस्टमध्ये उलटा आणि सुलटा सारखेच दिसतात, तिथे फसू नका.

यावर उपाय मूळ डिझाइनमध्येच आहे. पोर्टच्या पट्टीला १ आणि २ च्या मध्ये आणि १० आणि ११ च्या मध्ये खाचा आहेत. या खाचा सारख्या अंतरावर नाहीत, म्हणून कनेक्टरमध्ये त्या दोन जागी पातळ प्लास्टिकची किंवा फायबरची चकती चिकटवली की तो एकाच बाजूने बसतो. आधी चकती बसवा, सुकू द्या, आणि नंतरच सोल्डरिंगला हात घाला. जोडीला कनेक्टरच्या वरच्या बाजूला पक्क्या मार्करने "वर" लिहा. १० आणि ११ चे कॉन्टॅक्ट तर मी उपटूनच टाकतो, आपल्याला ते लागत नाहीत.

ईएसपी जोडायच्या आधी मशीनच्या तारा ओळखून घ्या

फक्त कनेक्टर, त्याला तीन-चार मोकळ्या वायरी, आणि मल्टिमीटर. मशीन बंद असताना लावा, मग चालू करा. १ आणि २ मध्ये ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर थांबा.

पाठवायची तार आहे एम. मशीन नुसतं चालू केलं की तिथे "हाय" असतो, मीटरवर ४ ते ५ व्होल्टच्या आसपास. आता बेसिकमध्ये टाइप करा (पोक म्हणजे मेमरीच्या पत्त्यावर आकडा लिहिणं, पीक म्हणजे तिथला वाचणं): पोक ५६५७६, स्वल्पविराम, पीक कंसात ५६५७६, अँड २५१. रिटर्न दाबलं की एम शून्यावर यायला हवा. परत तेच, पण शेवटी अँड २५१ ऐवजी ऑर ४, आणि तो वर जातो. बाकीचे बिट जसेच्या तसे ठेवायचेत म्हणून पीक करून घेतोय, त्याच पत्त्यावर व्हिडिओ बँकेचे बिट आहेत, थेट ० पोक केलात तर स्क्रीनवर कचरा दिसेल.

घ्यायची तार आहे सी. प्रिंट पीक कंसात ५६५७७, अँड १, असं विचारलं की १ मिळतं, कारण चिपच्या आत पुल-अप आहे, म्हणजे मोकळी तार वर ओढून ठेवणारा रेझिस्टर. सी ला १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला धरा आणि परत विचारा, ० मिळालं की ती तारही सापडली.

या दोन्ही तारा नीट वागल्या म्हणजे तुमची ६५२६ जिवंत आहे आणि कनेक्टर बरोबर बसलाय, दोन्ही गोष्टी एकदम कळल्या.

मग लूपबॅक, म्हणजे पाठवलेलं परत आपल्याकडेच येतं का ते बघणं. मशीन बंद करा. एम, बी आणि सी या तिन्ही वायरी एकमेकींना जोडा, मशीन चालू करा आणि चार ओळींचा प्रोग्राम लिहा. ओळ १० मध्ये ओपन, फाइल नंबर २, डिव्हाइस २, सेकंडरी ०, आणि मग कॅरेक्टर ६ अधिक कॅरेक्टर ० (कॅरेक्टर म्हणजे बेसिकचं सीएचआर-डॉलर). हा ६ म्हणजे ३०० बॉड (सेकंदाला ३०० बिट), आठ बिट, एक स्टॉप बिट, आणि मागचा ० म्हणजे पॅरिटी नाही, हँडशेक नाही. ओळ २० मध्ये गेट कमांडने कीबोर्डवरून अक्षर घ्यायचं आणि ते रिकामं नसेल तर फाइल २ वर प्रिंट करायचं, शेवटी सेमिकोलन. ओळ ३० मध्ये फाइल २ वरून गेट करून, रिकामं नसेल तर स्क्रीनवर प्रिंट, परत सेमिकोलन. ओळ ४० मध्ये गोटू २०. ते सेमिकोलन विसरलात तर प्रत्येक अक्षरामागे एक रिटर्न जाईल. ओपन पहिल्याच ओळीत का, तर आरएस२३२ चा, म्हणजे सिरीयलचा, चॅनल उघडताना मशीन मेमरीच्या वरच्या टोकाला प्रत्येकी २५६ बाइटचे दोन बफर काढतं आणि त्या नादात आधीचे सगळे व्हेरिएबल पुसतं.

रन केल्यावर तुम्ही टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर दिसतंय? वायर काढल्यावर दिसायचं थांबतंय? मग कमोडोरची बाजू पूर्ण झाली.

सर्किट

बी आणि सी एकत्र, ही झाली घ्यायची लाइन. बी म्हणजे फ्लॅग नावाची पिन, स्टार्ट बिट आला की ती प्रोसेसरला जागं करते, आणि प्रत्यक्ष बिट वाचले जातात सी वरून. दोन्ही लागतातच. एम ही पाठवायची लाइन.

कमोडोर ५ व्होल्टचा, ईएसपी ३.३ व्होल्टची. ईएसपीला ५ व्होल्ट थेट दिले तरी चालतं असं बरेच जण सांगतात, चालतही असेल, पण मी डेटाशीटच्या ३.३ वरच थांबतो.

एम पासून ईएसपीकडे येताना बहुतेक जण १ किलो आणि २ किलोचा व्होल्टेज डिव्हायडर टाकतात. मला तो आवडत नाही. ६५२६ जुन्या पद्धतीची एनमॉस चिप आहे, ती लाइन खाली जोरात ओढते पण वर ढकलताना अगदी कमी करंट देऊ शकते, डेटाशीट २०० मायक्रोअँपची खात्री देतं. ३ किलोओहमचा भार टाकला तर वरचं व्होल्टेज खचतं आणि मग एखाद्या मशीनवर चालतं, दुसऱ्यावर चालत नाही. त्याऐवजी शॉटकी डायोड वापरा. ईएसपीच्या डी७ पिनला १० किलोओहमने ३.३ व्होल्टवर पुल-अप द्या, डायोडचा ॲनोड डी७ कडे आणि कॅथोड, म्हणजे पट्टी असलेलं टोक, एम कडे. एम खाली गेला की डायोडमधून डी७ खाली येतो, एम वर गेला की डायोड बंद होतो आणि ३.३ चा पुल-अप डी७ ला वर नेतो. कमोडोरला फक्त खाली ओढायचं काम उरतं, जे त्याला छान जमतं, आणि ५ व्होल्ट ईएसपीपर्यंत पोचतच नाहीत.

उलट दिशेला, ईएसपीच्या डी८ पासून १ किलोओहम, मग एचसीटी१२५ ची पिन २, पिन ३ मधून बाहेर, अजून एक १ किलोओहम, आणि तिथून बी-सी च्या जोडीला. पिन १ ग्राउंडला, कारण ती लो असली की गेट उघडतं. पिन ७ ग्राउंड. पिन १४ ला ५ व्होल्ट, आणि हे ५ व्होल्ट कमोडोरच्या पिन २ वरून घ्यायचे, चार्जरकडून नाही. त्यामुळे कमोडोर बंद असेल तेव्हा हा आयसीही बंद राहतो आणि बंद मशीनमध्ये मागच्या दाराने करंट शिरत नाही. पिन १४ आणि ७ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. न वापरलेली तीन गेटं आहेत, त्यांच्या इनपुट पिना ५, ९, १२ ग्राउंडला आणि इनेबल पिना ४, १०, १३ या ५ व्होल्टला बांधून टाका, लोंबकळत ठेवू नका.

नुसती वायर ओढली तर नाही का चालणार, ३.३ व्होल्ट तर कमोडोरला "हाय" म्हणून कळतात? कळतात. पण डी८ म्हणजे जीपीआयओ १५, आणि ईएसपी सुरू होताना ही पिन लो असली तरच ती आपला प्रोग्राम चालवते. डी१ मिनीवर त्यासाठी पुल-डाउन आहे, पण तिकडे सी पिनच्या आत कमोडोरचा पुल-अप आहे, आणि तो जास्त ताकदीचा. दोघांच्या ओढाताणीत पिन वर राहते आणि ईएसपी सुरूच होत नाही, मग माणूस तासन्‌तास कोड तपासत बसतो. मध्ये बफर असला की हा प्रश्न येत नाही.

मग डी८ च कशाला, नेहमीची आरएक्स-टीएक्स जोडी का नाही? कारण ती जोडी बोर्डवरच्या यूएसबी चिपला जोडलेली आहे, शिवाय चालू होताना ईएसपी तिथे ७४८८० बॉडने आपली बडबड टाकते. सॉफ्टवेअरमध्ये स्वॅप केलं की तेच हार्डवेअर सिरीयल डी७ आणि डी८ वर येतं, ती बडबड कमोडोरकडे जात नाही आणि यूएसबी केबल लावलेली राहू शकते.

पॉवर. यूजर पोर्टच्या ५ व्होल्टवरून १०० मिलीअँपच घ्यायची परवानगी आहे, ईएसपी वाय-फायवर बोलताना त्याच्या वर सहज जाते. म्हणून डी१ मिनीला यूएसबीने वेगळा चार्जर, त्याच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरड, आणि दोन्हीकडची फक्त ग्राउंड एकत्र. चार्जरचे ५ व्होल्ट आणि कमोडोरचे ५ व्होल्ट एकमेकांना कुठेही लागता कामा नयेत. सोल्डरिंग झालं की मीटर लावून हेच आधी तपासा.

ईएसपीचा प्रोग्राम

तयार फर्मवेअरही (चिपमध्ये भरायचे प्रोग्राम) आहेत, झिमोडेम त्यातलं भरपूर सोयी असलेलं. तरी निदान एकदा स्वतः लिहा असं मी म्हणेन, मोडेम आतून कसा विचार करतो ते कळतं आणि कोड फार मोठा होत नाही. आर्डुइनो आयडीई घ्या, ईएसपी८२६६ चं बोर्ड पॅकेज टाका.

पहिल्यांदा स्वॅप न करता, पीसीच्या सिरीयल मॉनिटरवरच पूर्ण गाडी चालवून बघा. मोडेमच्या दोन अवस्था असतात. कमांड अवस्थेत आलेली अक्षरं एका ओळीत साठवायची, रिटर्न आला की ओळ तपासायची. नुसतं एटी आलं तर ओके पाठवा. एटीडीटी आणि पुढे पत्ता, कोलन, पोर्ट असं आलं तर तिथे टीसीपी कनेक्शन उघडा, पोर्ट दिला नसेल तर २३ धरा, जमलं तर कनेक्ट लिहा, नाही तर नो कॅरिअर. कनेक्ट झाल्यावर डेटा अवस्था, इकडून आलेलं तिकडे आणि तिकडून आलेलं इकडे. बाहेर पडायला एक सेकंद शांतता, तीन अधिक चिन्हं, परत एक सेकंद शांतता. ती शांतता गाळू नका, नाहीतर एखाद्या मजकुरात तीन अधिक चिन्हं आली की लाइन तुटेल.

एक जागा आहे जिथे घाई केली की अक्षरं हरवतात. इंटरनेटवरून डेटा भसकन येतो आणि कमोडोरकडे तो थेंब थेंब जातो, १२०० बॉडला सेकंदाला १२० अक्षरं, म्हणजे ४० गुणिले २५ ची स्क्रीन भरायला आठ सेकंदांच्या वर. म्हणून सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या कनेक्शनमधून, तेवढंच वाचा जेवढी सिरीयलच्या बफरमध्ये जागा आहे. उरलेलं सॉकेटमध्येच पडू द्या, टीसीपी स्वतःच समोरच्याला थांबवतं, तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही.

टेलनेट सर्व्हर सुरुवातीला २५५ ने सुरू होणारे तीन-तीन बाइट पाठवतात, ही त्यांची बोलणी असते. दुसरा बाइट २५१ असेल तर उत्तरात २५५, २५४ आणि तोच तिसरा बाइट, २५३ असेल तर २५५, २५२ आणि तिसरा बाइट, म्हणजे सगळ्याला नम्रपणे नाही. हे बाइट कमोडोरपर्यंत जाऊ देऊ नका. पण फाइल उतरवताना ही गाळणी बंद करायची सोयही ठेवा, कारण फाइलमध्ये २५५ खरा डेटा म्हणून येऊ शकतो.

आणि पेटस्की. कमोडोरचे हे अक्षरकोड बाकी कॉम्प्युटरच्या आस्की कोडपेक्षा वेगळे आहेत. छोट्या लिपीच्या मोडमध्ये, जो कॅरेक्टर १४ प्रिंट केल्यावर येतो, आस्कीची छोटी अक्षरं ९७ ते १२२ कमोडोरला ६५ ते ९० म्हणून द्यायची आणि मोठी ६५ ते ९० ही १९३ ते २१८ म्हणून. येताना उलट. आस्कीचा १० टाकून द्या, १३ ठेवा, आणि कमोडोरची डिलीट की २० पाठवते ती ८ करून पुढे द्या. हे भाषांतरही चालू-बंद करता यायला हवं, कारण खास कमोडोरसाठी चालणारे बीबीएस (मोडेमने जोडायचे सूचनाफलक) पेटस्कीतच बोलतात आणि तिथली रंगीत चित्रं बघायची तर मध्ये कुणी ढवळाढवळ करून चालत नाही.

पीसीवर सगळं चाललं की सिरीयल सुरू करायच्या ओळीनंतर स्वॅपची ओळ टाका, स्पीड १२०० ठेवा, बोर्ड परत भरा. वाय-फायचं नाव-पासवर्ड लक्षात घ्या, ही चिप २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क बघते, राउटरवर ५ गिगाहर्ट्झच चालू असेल तर तिला काहीच दिसणार नाही.

पहिला कॉल

बाहेर कुठे जायच्या आधी घरातल्याच पीसीवर नेटकॅट (नेटवर्कवर नुसता मजकूर देणारा-घेणारा छोटा प्रोग्राम) एखाद्या पोर्टवर ऐकत बसवा, पीसीची फायरवॉल त्या पोर्टला अडवत नाही ना ते बघा. कमोडोर आणि चार्जर दोन्ही बंद असताना अडॅप्टर लावा, चार्जर चालू करा, मग कमोडोर. आपला चार ओळींचा प्रोग्राम, पण ६ च्या जागी ८, म्हणजे १२०० बॉड. एटी टाइप करून रिटर्न. ओके आलं की एटीडीटी, पीसीचा आयपी पत्ता, कोलन, पोर्ट. पीसीवर टाइप केलेलं कमोडोरच्या स्क्रीनवर उमटलं की झालं, आणि ती ओळ उमटताना बघण्यात जे सुख आहे त्यासाठीच हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

काहीच येत नसेल तर क्रमाने जा. एम वर मीटर, मग डी७ वर मीटर, पोक करून दोन्ही सोबत खाली-वर होतात का. मग ईएसपीच्या प्रोग्रामात डी८ दर दोन सेकंदांनी खाली-वर करून पीक ५६५७७ बदलतंय का. कचरा अक्षरं येत असतील तर स्पीड दोन्हीकडे सारखा नाही. अक्षरं बरोबर पण मध्येमध्ये गायब, तर दोष बेसिकच्या संथपणाचा, मोठा मजकूर १२०० ने आला की त्या चार ओळींना तो झेपत नाही. ३०० वर उतरा किंवा मशीन कोडमधला टर्मिनल प्रोग्राम घ्या, सीसीजीएमएस किंवा नोव्हाटर्म. रोजच्या वापराला तेच लागतील.

फ्लॉपी ड्राइव्ह आणि हा पोर्ट एकाच वेळी वापरू नका. सिरीयलचे बिट इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला ठरल्या वेळी मध्येच थांबवून, मोजले जातात आणि ड्राइव्हशी बोलतानाही वेळ अचूक पाळावा लागतो, दोन्ही एकमेकांत घुसतात. स्वतःच्या प्रोग्रामात ड्राइव्हला हात लावायच्या आधी चॅनल बंद करा. चांगले टर्मिनल प्रोग्राम हे स्वतः सांभाळतात.

९६०० हवं असेल तर

कमोडोरचा मूळ सिरीयल कोड प्रत्येक बिट प्रोसेसरकडून हाताने काढतो, म्हणून १२०० च्या वर त्याचा भरवसा नाही. यूपी९६०० नावाची एक युक्ती आहे, ती दोन्ही ६५२६ चिपांमधल्या, बिट आपोआप एकामागून एक सरकवणाऱ्या शिफ्ट रजिस्टरला कामाला लावते. कनेक्टरवरच तीन जोडण्या वाढवायच्या, बी पासून ७, एम पासून ५ आणि एल पासून ६. घेतानाचे बिट ७ मधून शिफ्ट होतात, पाठवतानाचे ५ मधून, आणि एल वर टायमरने तयार केलेला ठोका ६ ला दिला जातो. एल ही एरवी डीएसआर ची (मोडेम तयार आहे असं सांगणारी) पिन, ती आता त्या कामाला मिळणार नाही, आपण ती वापरतच नव्हतो. टर्मिनल प्रोग्राममध्ये यूपी९६०० चा ड्रायव्हर निवडा, ईएसपीचा स्पीड ९६०० करा, स्क्रीन साधारण सेकंदभरात भरते. या जोडण्या राहू दिल्या तरी जुना १२०० चा मार्ग पहिल्यासारखाच चालतो, म्हणून मी त्या सुरुवातीलाच टाकून ठेवा म्हणेन.

या वेगाला फाइल उतरवायची असेल तर आरटीएसची तार, म्हणजे कनेक्टरवरची डी, तिलाही एम सारखाच डायोड आणि पुल-अप देऊन ईएसपीच्या डी५ वर आणा. कमोडोर ड्राइव्हवर लिहीत असताना या तारेने थांब म्हणतो, आणि आपल्या प्रोग्रामने ते ऐकून पाठवणं थांबवायचं. थांब म्हणजे हाय की लो हे टर्मिनल प्रोग्रामप्रमाणे मीटरने बघून ठरवा आणि कोडमध्ये उलटवायची सोय ठेवा.

आजच्या वेबसाइट कमोडोरला थेट उघडता येणार नाहीत, सगळं एन्क्रिप्ट झालंय आणि पानंही अवाढव्य. पण ईएसपी सुरक्षित कनेक्शन करू शकते. त्यामुळे मोडेमच्या कमांडमध्ये आपली एक कमांड घाला, जी हवामानाचा किंवा रेल्वेच्या वेळांचा साधा मजकूर आणेल, त्यातले टॅग काढेल, ४० अक्षरांवर शब्द न तोडता ओळ मोडेल आणि एका वेळी २२-२३ ओळी पाठवून स्पेसबारची वाट बघेल. मजकूर इंग्रजीतच घ्या, देवनागरीसाठी ८ बाय ८ च्या चौकटीत स्वतःची अक्षरं कोरावी लागतील, मशीनला ती सोय आहे पण ते काम स्वतंत्र लेखाचं आहे.